कोरी ठेवलेली चौकट

सूर्यकांत भिंगारदिवे यांची आणि माझी ओळख माझ्या एका चुकीच्या बातमीमुळे झाली. मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात उद्योगधंद्यांच्या बातम्या करत असे. नागापूर एमआयडीसीतल्या वाहन कारखान्यातून नवी नऊ आसनी प्रवासी जीप बाहेर पडली होती. समारंभाला गेलो, चहा-बिस्कीट घेतले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पान सुटायच्या आत बातमी लिहून दिली. तीत एक वाक्य होते : ‘परदेशी आराखड्यावर बेतलेली ही गाडी आता नगरमध्ये तयार होणार आहे.’ असे मला कुणीही सांगितले नव्हते. गाडीची दारे एका हाताने अलगद लागत होती, पत्र्याची कड कुठे बोटाला लागत नव्हती. इतके नेटके काम नागापुरात कागदावर उतरले असेल, हे माझ्या मनातच आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाळिशीतले एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात तीन पेन्सिली, काखेत कागदाची लांब गुंडाळी.

“ही बातमी तुमचीच का?”

“हो.”

“चांगली लिहिलीय. एकच दुरुस्ती हाय.” त्यांनी गुंडाळी माझ्या टेबलावर उलगडली आणि कोपरे उडू नयेत म्हणून त्यांवर माझेच चहाचे ग्लास ठेवले. “परदेशी आराखडा म्हणता. कुठल्या देशातला?”

“ते कंपनीने सांगितलेले नाही.”

“मी सांगतो. शेवगाव तालुका.”

आराखडा त्यांनी काढला होता आणि ते शेवगाव तालुक्यातले होते. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी छापून आली, आतल्या पानावर, दोन ओळींत. त्यांनी ती पाहिली आणि मला निरोप पाठवला, की चूक पहिल्या पानावर आणि दुरुस्ती आत, ही तुमची रीत कळली. आता आमची रीत बघायला या. मी गेलो. त्याला पस्तीसेक वर्षे झाली. कारखान्यात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. आज अण्णा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि या गौरवग्रंथासाठी चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला आहे. शिक्षण, पुरस्कार, संस्थांची पदे यांविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी एका पायरीविषयी लिहिणार आहे.

नागापूरची ड्रॉइंग रूम, म्हणजे आराखडे काढण्याची जागा, ही एक लांबट खोली होती. उत्तरेच्या खिडक्या, सहा तिरपे फळे, भिंतीलगत कागदांचे खण. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन चौकटी असत : काढले, तपासले, मंजूर. मधल्या चौकटीत अण्णांची बारीक सही पडल्याशिवाय कागद कारखान्यात जात नसे. पण या खोलीची खरी ओळख तिच्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. तिथे सुतारांकडून गाडीचा पूर्ण मापाचा लाकडी सांगाडा करून घेतला जाई. चाके नाहीत, इंजिन नाही. फक्त तळ, बाकडी, दार आणि छत. कागद पक्का होण्याआधी त्या सांगाड्यात माणसे बसवून पाहायची. तीही कारखान्यातली नाहीत, रस्त्यावरची. या प्रकाराला अण्णांनी ‘बसवणी’ असे नाव दिले होते. बाजाराला निघालेल्या बायका, म्हातारेकोतारे, काखेत मूल असलेली लेकुरवाळी, यांना विनंती करून आत आणायचे, चहा-खारी द्यायची आणि सांगायचे, चढा.

मी गेलो तेव्हा पुढच्या गाडीची तयारी चालू होती. मी पाहिलेल्या त्या पहिल्याच बसवणीला फाटकाबाहेर भाजी विकणाऱ्या ठकूबाई आल्या होत्या. साठीच्या पुढच्या. सांगाड्यापुढे उभ्या राहून त्यांनी अण्णांपुढे हात केला.

“धर की मंग.”

“हात धरायचा न्हाई, मावशी. एकट्यानं चढायचं.”

“एकट्यानं? मंग ही गाडी हाय का भिताड?”

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी सुताराला मागची पायरी दोन बोटे खाली घ्यायला सांगितली. ठकूबाई पुन्हा चढल्या, पुन्हा अडल्या. आणखी एक बोट खाली. मग पायरीची रुंदी वाढली, मग तिला खरबरीत पट्टी लागली. सातव्या खेपेला ठकूबाई डोक्यावरच्या पाटीसकट आत गेल्या, बाकड्यावर बसल्या आणि उतरायलाच तयार होईनात. “आता आनलंच हाय तर पाथर्डीला सोड,” म्हणाल्या.

अण्णांनी नंतर मला फळ्यापाशी नेऊन समजावले. “बाईमाणूस बाजारातून येतं तेव्हा एका हातात पिशवी असती, एका हातात निऱ्या. गाडीत चढायला आपण दांडी देतो धरायला. तिसरा हात तिनं कुठून आणायचा?” त्यांच्या या नव्या गाडीला म्हणूनच हाताला काही न धरता चढता येईल अशी पायरी होती. अकोले तालुक्यातल्या घाटरस्त्यांवर ती गाडी सुरू झाल्यावर तिचे कागदावरचे नाव कुणी घेतले नाही. भंडारदऱ्यापर्यंत तिला ‘पायरीची गाडी’ म्हणत. दोन जीप उभ्या असल्या तर बायका पायरीची गाडी भरेपर्यंत दुसरीकडे फिरकत नसत.

पुढे कंपनीने चालकांसाठी मराठी माहितीपुस्तिका लिहायचे काम मला दिले. माझे नाव अण्णांनी सुचवले होते. “चूक केली तर दुरुस्ती छापतो, एवढं मला माहीत हाय,” अशी त्यांनी माझी शिफारस केली होती म्हणे. त्यामुळे नंतर जे घडले ते मी आतून पाहिले.

कंपनीचे धोरण बदलले. गाड्यांचे आराखडे यापुढे परदेशातल्या नव्या केंद्रात होतील, नागापूरने ते अमलात आणायचे, असे ठरले. देशाचे नाव मी मुद्दाम देत नाही. त्या देशाचा यात काही दोष नाही, हे पुढे येईलच. तिथून पहिले कागद आले तेव्हा आमचे फोरमन दगडू पठारे यांनी हात धुऊन ते उघडले. हे मी स्वतः पाहिले आहे. अण्णांच्या कागदावर याच पठाऱ्यांनी चहाचा कप ठेवलेला मी अनेकदा पाहिला होता.

त्या कागदावर गाडीच्या मागच्या तळाला दोन गोल छिद्रे होती. अंगठा जाईल एवढी, एकमेकांपासून हातभर लांब. कशासाठी, ते लिहिलेले नव्हते. मी पठाऱ्यांना विचारले.

“आवो, बाहेरून आलंय. इचार केल्याबिगर पाडतील का भोकं? काय तरी टेक्निक आसंल.”

“पण कसलं?”

“ते आपल्याला कळलं आस्तं तर आपुन नागापुरात आस्तो का?”

पठाऱ्यांनी ती छिद्रे अत्यंत प्रेमाने पाडली. कडा घासल्या, गंजू नयेत म्हणून आतून पितळी कड्या बसवल्या. चाचणीच्या गाड्या रस्त्यावर गेल्या. एका चालकाने दुसऱ्याच दिवशी त्या छिद्रांत चिंध्यांचे बोळे कोंबले, कारण ओढ्यातून गाडी गेली की मागे बसलेल्यांच्या पायांवर चिखलाचे कारंजे उडे. पण त्याने अहवालात एक शब्द लिहिला नाही. त्यालाही वाटले, चूक आपल्याच चालवण्यात असेल.

आणि मी? पुस्तिकेत प्रत्येक भागाची माहिती द्यायची होती. माहिती नव्हती आणि मजकूर द्यायची तारीख तर आली होती. मी लिहिले : ‘मागील तळातील दोन छिद्रे हवा खेळती राहण्यासाठी आहेत. ती नियमित स्वच्छ ठेवावीत.’

मुद्रिते अण्णांनी वाचली. माझ्यासमोर त्या ओळीवर पेन्सिल टेकवून विचारले, “हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही.”

“मग?”

“काहीतरी कारण असणारच ना, अण्णा.”

“शेवगाव तालुक्यातल्या कागदाला तुम्ही कारण विचारलं असतं.”

त्या वाक्याचा मला आजही राग येत नाही, लाज वाटते. अण्णांनी त्या केंद्राला पत्र पाठवले. आठ दिवसांत सरळ, सभ्य उत्तर आले : ती छिद्रे प्रदर्शनातला नमुना चौथऱ्याला घट्ट बसवण्यासाठी होती. अंतिम कागदावरून पुसायची राहून गेली, क्षमस्व. याआधी कुणी कसे विचारले नाही, याचे आश्चर्य वाटते.

अण्णांनी ते उत्तर ड्रॉइंग रूममध्ये सगळ्यांसमोर दोनदा वाचले. शेवटचे वाक्य तिसऱ्यांदा वाचले. पठारे मान खाली घालून म्हणाले, “मी तर पितळ बी बसवलं, अण्णा.” अण्णा म्हणाले, “पितळ काढून घ्या. चांगलं काम हाय, दुसरीकडं वापरू.” त्यांच्या स्वभावाचा विशेष सांगायचा तर हा. आपल्या पत्रात त्यांनी ना पठाऱ्यांचे नाव लिहिले होते, ना माझे. ‘आम्हांला कळले नाही’ असे लिहिले होते. त्या ‘आम्हां’मध्ये ते स्वतः नव्हते, तरी त्यांनी स्वतःला घातले.

छिद्रे बुजली. पण त्याच आराखड्यात दुसरी गोष्ट होती, ती बुजणारी नव्हती. गाडीचा मागचा तळ उंच झाला होता आणि पायरी गेली होती. मागची बाजू चाकापासून छतापर्यंत गुळगुळीत, एका रेषेत. दिसायला देखणी होती, हे कबूल करतो.

अण्णांनी कंपनीकडे एकच मागणी केली, मला तिकडे एकदा जाऊ द्या. कंपनीने आनंदाने पाठवले. वरिष्ठांना वाटले, माणूस एकदा तिथली चकचकीत केंद्रे पाहील आणि शांत होईल. अण्णांनी सामानात आपल्या मापाची एक लाकडी पायरी, एक बाजाराची पिशवी आणि पत्नी सुमनवहिनींची सहावारी साडी घेतली. विमानतळावर पायरीमुळे त्यांना थांबवून ठेवले. हे काय आहे, असे विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले, “माझं काम.”

तिथे गाडीचा आराखडा करणारी मुलगी पंचविशीतली, उंच. अण्णांनी तिला पँटवरूनच साडी नेसायला लावली. वहिनींनी कागदावर निऱ्यांची चित्रे काढून दिली होती. मग तिच्या एका हातात पाच किलोची पिशवी दिली, दुसऱ्या हातात निऱ्या, आणि म्हणाले, चढा. ती मुलगी पहिल्या खेपेला गुडघ्यावर आपटली. दुसऱ्या खेपेला तिने निऱ्या सोडल्या आणि साडीत पाय अडकून बसकण मारली. तिथली सगळी मंडळी हसली, तीही हसली. मग हसू थांबले. ती अण्णांना म्हणाली, मला कुणीच सांगितले नाही, की असे चढायचे असते. अण्णांनी आपली लाकडी पायरी खाली ठेवली. ती चढून गेली. पुढचे चार दिवस दोघांनी एकाच फळ्यावर काम केले आणि नव्या गाडीला शोभेल अशी पायरी काढली, माप ठकूबाईंचे, रेषा त्या मुलीची. अण्णा सांगतात, त्यांच्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले ड्रॉइंग आहे.

परदेशी माणसांना आपले कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावे. त्या मुलीने पायरी रेखाटून दिली. ती खोडली आपल्या माणसांनी.

अण्णा परतल्यावर बैठक झाली. मी टिपणे घ्यायला हजर होतो. विक्री विभागाच्या प्रमुखांनी नवे ड्रॉइंग बाजूला सरकवले. ते आपल्याच जिल्ह्यातले होते, आता पुण्यात राहत.

“अण्णा, पायरी लावली की गाडी गावठी दिसते. लोकांना फॉरेनचा लुक पाहिजे.”

“फॉरेनच्या मुलीनंच लावलीय ती.”

“तिला इथलं मार्केट काय माहीत?”

“तुम्हाला माहीत हाय ना? मग तुमच्या मातोश्रींना आणा उद्या. शेडमध्ये चढवून बघू.”

प्रमुख थोडे हसून म्हणाले, “आई आता आमच्या कारमधून फिरते. तिला चढायचा प्रश्न नाही.”

“मग ही गाडी कुणाच्या आईसाठी चाललीय?”

त्यावर पायरी नसलेले ड्रॉइंग अण्णांपुढे सहीसाठी ठेवण्यात आले. त्यांनी ते पूर्ण तपासले. दोन मापे चुकली होती, ती दुरुस्त केली. मग पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, “मी तपासलंय. पण ही चौकट कोरी राहील.” एकदा विनंती झाली, एकदा बढतीचा उल्लेख झाला, एकदा निवृत्तीला किती वर्षे राहिली याचा. चौकट कोरी राहिली. ते ड्रॉइंग मधल्या चौकटीत दुसऱ्याच कुणाची सही घेऊन कारखान्यात उतरले आणि गाडी बाजारात आली, गुळगुळीत, देखणी. माझ्या जुन्या दैनिकाने पहिल्या पानावर छापले, ‘विदेशी रूपाची गाडी नगरच्या रस्त्यांवर’. ते वाक्य मी ओळखले. ते माझेच होते.

नंतर काही महिन्यांत नागापूरची ड्रॉइंग रूम बंद झाली. सहा जणांपैकी काही पुण्याला गेले, काही घरी बसले. अण्णांना परदेशी केंद्राशी पत्रव्यवहार करण्याचे टेबल देऊ केले होते. त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी त्यांनी एकच अर्ज केला : मागच्या शेडमधला लाकडी सांगाडा कॅन्टीनच्या चुलीसाठी फोडणार असे समजते, तो मला द्यावा. पठाऱ्यांनी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत स्वतः चढवला. चढवताना पितळी कड्या आठवणीने बरोबर दिल्या.

त्या दिवशी ट्रॉलीच्या मागे आम्ही दोघे माझ्या स्कूटरवरून चाललो होतो. शेवगावच्या रस्त्याला अण्णांच्या भावाची जागा होती, तिकडे. वाटेत चहाला थांबलो, तेव्हा अण्णांनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांच्या परवानगीने इथे लिहितो.

त्यांच्या लहानपणी गावावरून बाजाराच्या दिवशी मालमोटार जात असे. माल भरला की वर माणसे चढत. वर चढलेला माणूस खालच्याला हात देई, असे एकेक जण वर ओढला जाई. अण्णांच्या आईला कुणी हात देत नसे. त्या महारवाड्यातल्या होत्या. गावाने वस्तीला बुद्धवाडा म्हणायला सुरुवात केली, तरी हात पुढे येत नसे. सगळे चढल्यावर आई मोटारीच्या मागच्या फळीवर आधी एक गुडघा टेकत, मग दुसरा, आणि रांगत वर जात. “आईच्या दोन्ही गुडघ्यांना कायम खरचटलेलं असायचं,” अण्णा म्हणाले. “लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आईचे गुडघे तसेच असतात.”

मी म्हणालो, “अण्णा, हे बैठकीत सांगितलं असतं तर त्यांनी पायरी ठेवली असती.”

“म्हणूनच न्हाई सांगितलं. त्यांनी दया म्हणून ठेवली असती. मला ती माप म्हणून पाहिजे होती.”

इतक्या वर्षांत मी अनेक मोठ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. स्वाभिमानाची याहून स्वच्छ व्याख्या मला कुणी दिली नाही.

त्या जागेवरची शेड आज आपण सगळे ओळखतो. सुरुवातीला अण्णा तिथे सांगाडा ठेवून नुसते बसत. मग एक दिवस अकोल्याहून एक जीप आली. नवीच, देखणी, पायरी नसलेली. चालक खाली उतरून म्हणाला, “बाया बसत न्हाईत हिच्यात. मागं डालडाचा डबा ठिवून चढवाव्या लागत्यात. तुमी ते पायरीवालं साहेब ना?” अण्णांनी पायरी करून बसवली. आठवड्यात आणखी तीन गाड्या आल्या. पठारे निवृत्त होताच तिथे रुजू झाले. आपणच जोडलेल्या गाड्यांना ते आता पायऱ्या जोडत होते आणि दर गाडीमागे स्वतःलाच एक शिवी देत होते. कंपनीने पत्र पाठवले, की अशा फेरफाराने गाडीची हमी संपुष्टात येते. अण्णांनी उत्तर लिहिले : ‘आपली हमी गाडीची आहे. आमची चढणाऱ्याची आहे. दोन्ही सुखाने नांदोत.’ हे उत्तर शेडच्या भिंतीवर आजही लावलेले आहे. भाषा माझी असावी असा काहींचा समज आहे. नाही, शब्दन् शब्द अण्णांचा आहे.

या साऱ्यावरून कुणी अण्णांना परदेशी गाड्यांचे वैरी समजेल, तर तो त्यांना ओळखत नाही. त्यांच्या जावयांनी परदेशी बनावटीची कार घेतली, तेव्हा ती दाखवायला दारात आणताना ते बिचारे चांगलेच धास्तावले होते. अण्णा सतरंजी घेऊन गाडीखाली शिरले. पाऊण तास फक्त त्यांचे पाय दिसत होते. बाहेर आले ते चेहरा उजळून.

“काय काम केलंय! जिथं कुणी बघणार न्हाई तिथंसुद्धा कड घासलीय.”

जावई सुटकेचा श्वास सोडून म्हणाले, “म्हणजे फॉरेनची ती फॉरेनचीच, मामा.”

“तसं न्हाई. ज्यानं ही काढली त्यानं त्याच्या रस्त्याला, त्याच्या म्हाताऱ्यांना विचारून काढली. त्याला मी सलाम करतो. आपण आपल्याला विचारत न्हाई. त्याचा त्याला काय दोष?” आणि मग वहिनींकडे वळून म्हणाले, “चढून बघ गं. गुडघ्याला कशी वाटती?”

गाडी कुठल्या देशात बनली, हा प्रश्न त्यांनी आम्हांला कधी विचारला नाही. ती कुणाला विचारून बनली, हा विचारला. शेडमध्ये शिकायला येणाऱ्या मुलामुलींनाही ते पहिल्या दिवशी संगणकापुढे बसू देत नाहीत. एक पिशवी आणि एक साडी हातात देतात. पॉलिटेक्निकच्या एका विद्यार्थ्याने साडी नेसायला लाजून नकार दिला, तर अण्णा म्हणाले, “मी नेसलोय. मापं काय आकाशातून आली का?”

मी हे सगळे भूतकाळाची आठवण म्हणून लिहीत नाही. लढाई चालू आहे. गेल्या महिन्यात कंपनीतल्या नव्या अधिकाऱ्यांचे पत्र आले. नवी प्रवासी गाडी येते आहे, आराखडा अर्थातच परदेशी केंद्राचा. अमृतमहोत्सवानिमित्त सन्मान म्हणून अण्णांनी त्यावर प्रतीकात्मक सही करावी, तिचे छायाचित्र प्रसिद्ध करू, आणि जुना लाकडी सांगाडा कंपनीच्या स्वागतकक्षात काचेत ठेवू. पत्र आदराचे होते. अण्णांनी आराखडा फळ्यावर लावला आणि दोन दिवस पाहिला. पायरी नव्हती. चौकट पुन्हा कोरी ठेवून त्यांनी कागद परत पाठवला. सोबत एका ओळीची चिठ्ठी : ‘सांगाडा काचेत बसणार नाही, त्यात माणसे बसतात. गाडी घेऊन इकडे या, बसवणी करू, मग सही.’ अजून कुणी आलेले नाही. आमच्यातले काही जण म्हणाले, या वयात कशाला, एक सही तर करायची. अण्णांनी त्यांच्यापुढे पेन्सिल धरली आणि म्हणाले, “करा की तुम्ही.” कुणी केली नाही.

आता गौरव समितीची एक फजिती सांगून थांबतो, मीही समितीत असल्यामुळे ती माझीही आहे. अण्णांना समारंभात एक गाडी भेट द्यावी असे ठरले. कोणती, यावर चर्चा झाली आणि आम्ही शहाण्यांनी एकमताने परदेशी बनावटीच्या गाडीचे नाव काढले. का, तर सन्मान शोभला पाहिजे. पस्तीस वर्षे या माणसाजवळ काढून मी हात वर केला होता. अण्णांना कळले तेव्हा ते रागावले नाहीत. मला एवढेच म्हणाले, “दुरुस्ती कितव्या पानावर छापणार?”

मग आम्ही जुनी पायरीची गाडी शोधू लागलो. बहुतेक भंगारात गेल्या होत्या. शेवटी भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, एका वाडीत, निवृत्ती नावाच्या शेतकऱ्याच्या दारात एक चालू स्थितीत सापडली. आम्ही ती विकत मागितली. निवृत्तीने साफ नकार दिला.

“इकायची न्हाई. माझी म्हातारी हिच्याबिगर दुसऱ्या कशातच बसत न्हाई.”

आम्ही अण्णांचे नाव सांगितले, ही गाडी त्यांनी काढली म्हणून सांगितले. आतून त्याच्या आई बाहेर आल्या. मग लेकाला म्हणाल्या, “इकू नगं. पर त्या दिशी घिऊन जा. त्यांना बसवून आन. म्या बी येती.”

तेव्हा असे ठरले आहे. समारंभाच्या दिवशी भेट म्हणून कोणतीही गाडी दिली जाणार नाही. निवृत्तीची गाडी अण्णांना घरून घेऊन सभागृहाशी येईल. अण्णांच्या गुडघ्यांचे आता दुखणे आहे. डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितले आहे. आपल्यापैकी अनेकांना त्या वेळी पुढे होऊन त्यांना हात द्यावासा वाटेल. माझी सर्वांना नम्र विनंती आहे, की कुणीही देऊ नये. ती पायरी त्यांनी आईसाठी काढली होती, ती आता त्यांच्याही उपयोगाला आली आहे. माप बरोबर आहे.

अण्णा, सुमनवहिनींसह तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे शाबूत राहोत, नजर अशीच कडेपर्यंत पोहोचो. शंभरी पूर्ण कराल त्या दिवशीही त्याच पायरीवरून, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात कागदाची गुंडाळी घेऊन, कुणाचाही हात न धरता चढा. आणि त्या आधी केव्हातरी तुम्हाला हवा तसा आराखडा समोर येवो. तोवर ती चौकट कोरीच ठेवा. आम्ही आता कारण विचारायला शिकलो आहोत.